मावशीला जागा

गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागे एक म्हातारबुवा ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे, एवढंच ठाऊक.

माझा ॲम्प सुरू झाल्यावर "काही लाव गा" म्हणाले. मी मोबाइल जोडून आमच्या बँडचा प्रोग्रेसिव्ह मेटलचा, म्हणजे अवघड तालांच्या दणदणीत रॉकचा, पहिलावहिला अल्बम लावला. आमचा आहे, हे मात्र सांगितलं नाही.

चष्मा कपाळावर सरकवून ते अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले. ज्या तालाचा आम्हाला भारी अभिमान, तो त्यांनी दुसऱ्याच आवर्तनात पकडला.

"सातचा हाये. ढोलवाला पक्का हाये," ते म्हणाले. "पण सारे संगंच वाजवून राहिले. वरातीत आम्ही चौकात हात हलका करत होतो, तवा नवरदेवाची मावशी नाचे. इथं मावशीले जागाच नाही."

नऊ मिनिटांचं गाणं, आणि मावशीला जागा नाही! मला हसू आलं, पण लागलंही.

मग चौथं गाणं आलं आणि मी मान खाली घातली. त्यात मध्येच मी मोजणी चुकून बेस गिटार थांबवली होती. मला पाहून बाकीचेही थबकले होते; एकटा ड्रमर वाजवत राहिला. पुन्हा रेकॉर्ड करायला स्टुडिओत वेळच उरला नव्हता.

ती जागा आली. म्हातारबुवांनी पेचकस खाली ठेवला आणि बसल्या बसल्या दोन्ही खांदे उडवले.

"हां! इथं नाचते मावशी."