काळ्या उडदाचा कौल

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी क्लार्क होते तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पुण्याहून नवे मॅनेजर आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की कामगारांचं मन जाणून घ्यायचं. सायक्लोस्टाइल केलेले फॉर्म, वीस प्रश्न, वर ठळक सूचना: नाव लिहू नये. डाळ निवडणाऱ्या चाळीसेक बायांचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच.

"आपण आपल्या कामाबद्दल समाधानी आहात काय?" मी वाचायची. "बठ्ठं चांगलं शे, ताई," असं उत्तर यायचं. पहिलीपासून शेवटचीपर्यंत हेच, सगळं चांगलं. वर अंगठ्यासाठी शाई मागायच्या. अंगठा नकोय म्हटलं तर त्यांच्यातली अक्का म्हणाली, "नाव नही लिखं ते कागद कोना शे, कसं समजी?" उठवले मग सगळ्यांनी अंगठे. आणि अंगठ्याच्या कागदावर तक्रार कोण सांगणार, कपाळ?

अक्का धुळ्याकडची, सगळ्यांत जुनी. तिनं निवडलेली डाळ दुसऱ्यांदा तपासावी लागत नसे. घरात कमावणारी तीच. आठवड्याभरानं ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मी आते काम सोडी देस, ताई." डॉक्टरांनी मूतखडा सांगितला होता, भरपूर पाणी प्यायला बजावलं होतं. "पानी पीसू ते जासू कोठे?"

मिलमध्ये बायांना संडासच नव्हता. कुंपणापलीकडच्या बाभळींत नजरा चुकवत जावं लागे, म्हणून बाया दिवसभर पाण्याला तोंड लावत नसत. आणि ऑफिसच्या संडासाची किल्ली माझ्या खणात! दोन वर्षं तो वापरत होते, पण हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी किल्ली पुढे केली, तर ती म्हणाली, "मी एकलीच जासू? आनि ह्या बाया?"

तिला दोन दिवस थांबायला सांगून मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा पुढे सरकवला. "सगळ्या समाधानी आहेत, बाई. अंगठ्यानिशी. एकीसाठी मालकांकडे बांधकाम कसं मागू?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? "तुमचे वीस प्रश्न राहू द्या, साहेब. मला एकच विचारू द्या. जे निघेल ते तुम्ही स्वतः मालकांना दाखवायचं." ते हो म्हणाले, बहुधा मला घालवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी काम सुटताना प्रत्येकीच्या हातात मी दोन दाणे दिले, एक पिवळी हरभरा डाळ, एक काळा उडीद. एका मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याला भोक पाडलं. प्रश्न साधा होता: आज कामावर आल्यापासून पाणी प्यायलात का? प्यायला असाल तर मडक्यात पिवळी टाका, नसाल तर काळा. उरलेला दाणा मुठीतच ठेवा. उडीद बघून साहेब म्हणाले, "कुणावर करणी करताय की काय?"

"तुमच्यावरच," मी म्हणाले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि एकेक जण मडक्यापाशी येऊ लागली.

मडकं सुपात ओतलं. काळंच काळं, पिवळ्या डाळी जेमतेम दोन. बाहेर एप्रिलचं ऊन जाळत होतं. अक्कानं ते सूप उचलून साहेबांच्या हातात दिलं, आणि ते तसंच घेऊन ते मालकांच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर उभी होते. आतून मालकांचा आवाज आला, "या उन्हात? दिवसभर?"

महिन्याभरात दोन संडास उभे राहिले. आतून कडी, शेजारी नळ. बायांनी संडासापुढे चक्क नारळ फोडला आणि साहेबांना खोबरं खायला लावलं. खरं सांगते, माझ्या लग्नातही मी इतकी मिरवले नव्हते.

त्या दुपारी अक्का माठापाशी आली. मी तांब्या भरून दिला. सगळ्यांच्या देखत तिनं तो घटाघटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि परत माझ्यापुढे धरला.

"आखो दे."