दुसऱ्या रविवारी शिकवलेलं

नांदेडच्या आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक फोटो टांगलेला आहे. पांढरी लांब दाढी, हातात दोन दगडी पाट्या, मागं कडाडणारी वीज. नेटवरून उतरवलेला, फ्लेक्सवाल्याकडं छापलेला, सोनेरी चौकटीत बसवलेला. वर झेंडूचा वाळका हार. मी त्या हॉलमध्ये आता जात नाही. लोक म्हणतात, पत्रकं काढणारी पोरगी आहे, हिला कशाचीही चीड येते. येतेच. पण ही चीड वेगळी आहे, कारण तिच्यात मीही आहे.

सुरुवात माझ्याच एका पत्रकापासून झाली. दिवसभर मोबाइलवर ज्यूंबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक माझ्या आसपास होते. एकाला ज्यू म्हणजे शूरवीर वाटायचे, दुसऱ्याला राक्षस. दोघांनीही आयुष्यात एक ज्यू माणूस पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, पण त्यांना माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक राहत होत्या.

त्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यू, आईची भाषा मराठी, बदलीनं इकडं आल्या आणि राहिल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीवर बोटाएवढी एक डबी तिरकी ठोकलेली होती. आत हातानं लिहिलेल्या प्रार्थनेची गुंडाळी. कुरिअरवाले ती बेल समजून दाबायचे. आणि निम्मी गल्ली सिस्टरला ख्रिश्चन समजायची. विशीपर्यंत मीही त्यातच.

मी पत्रकात लिहिलं, बोलायच्या आधी शिका. मग शिकवणार कोण, म्हणून सिस्टरकडं गेले. मोठ्या माणसांसाठी सहा रविवारांचा वर्ग, सकाळी दहाला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. ज्यूंचं घर, ज्यूंचे सण, ज्यूंचे ग्रंथ.

"शनिवारी बोलावू नको म्हणजे झालं, तो आमचा विसाव्याचा दिवस," त्या म्हणाल्या. "नोकरीभर मी दुसऱ्यांच्या दिवाळीच्या अन् ईदच्या ड्युट्या केल्या. कशासाठी? तर शनिवार सुटावा म्हणून."

वीसेक माणसं आली. रिटायर मास्तर, दोन प्राध्यापक, सिस्टरच्या समोरच्या घरातल्या अंगणवाडीताई, खाली दुकान असलेले टेलरचाचा. पहिल्या रविवारी प्रश्न काय आले, तर एका मास्तरांचा, "सिस्टर, तुमच्या लोकांची बुद्धी एवढी तल्लख कशी? आहारात काय असतं?"

"तांदळाची भाकरी आणि बांगडा," सिस्टर म्हणाल्या. "आणि मी मॅट्रिकला गणितात नापास."

दुसऱ्याला इस्राएलच्या ठिबक सिंचनाची माहिती हवी होती. "दादा, मी नर्स. मला सलाइनचा थेंब तेवढा मोजता येतो."

लोक हसले. मला मात्र शिसारी आली. समोर बसलेल्या बाईत माणूस सोडून सगळं शोधत होते.

दुसरा रविवार चांगला गेला. फार चांगला, म्हणून तर पुढचं जास्त बोचतं. त्या दिवशी दहा आज्ञा होत्या, देवानं ज्यूंच्या पैगंबराला दगडी पाट्यांवर दिलेल्या. कसलंही चित्र, कसलीही मूर्ती करून तिच्यापुढं हात जोडायचे नाहीत, यावर सिस्टर तासभर बोलल्या. "देवाला चेहरा दिला की तो आपल्यासारखा दिसायला लागतो. मग आपल्याला पटेल तेवढंच बोलायला लागतो."

चाचा मागून म्हणाले, "आमच्यातबी हेच हाय, सिस्टर. तसबीर न्हाई."

माझं घर बौद्ध. भिंतीवर फोटो आहेत, सकाळी त्यांना फुलं वाहूनच चहा होतो. मी तडक विचारलं, "मग आमचं चुकतं का?"

"मी तुझ्या भिंतीबद्दल नाही बोलत, बाळ. माझ्या भिंतीबद्दल बोलतेय."

हॉलमध्ये फक्त पेनांचा आवाज. सगळे लिहून घेत होते. मला वाटलं, शिरलं आत.

तिसऱ्या रविवारी सगळा वर्ग त्यांनी आपल्या दारात नेला. डबी काय, का तिरकी, आत काय लिहिलेलं असतं, येता-जाता हात का लावायचा, सगळं. चौथ्या रविवारी वर्ग सुटल्यावर मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "लेक इस्राएलातून रोज फोन करते, कायमची ये म्हणून. लातूरचा वर्ग ठरला तर मी वर्षभर थांबते. मला हे कुणी इथं विचारेल, असं वाटलंच नव्हतं गं."

लातूरच्या एका संस्थेचे दोघं जण शेवटच्या रविवारी बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर तिथं वर्ग. सिस्टरांचं राहणं की जाणं त्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं.

आणि वाचनालयाच्या अध्यक्षांना समारोप हवा होता. साधा वर्ग कसा संपवायचा? पाहुणे पाहिजेत, स्टेज पाहिजे. "अगं पोरी, हॉल दिलाय मी. एवढं तरी होऊ दे."

शेवटच्या रविवारी सकाळी मी जिना चढले आणि टेबलावर तो पाट्या घेतलेला दाढीवाला पैगंबर. समई, परातीत झेंडूच्या पाकळ्या, दोन हार. मी वाचनालयाच्या सचिवांवर धावलेच. "काका, लाज वाटत नाही? सहा आठवडे काय ऐकलं तुम्ही? हा फोटो कुणी आणायला सांगितला?"

सचिवांनी शांतपणे मोबाइल पुढं केला. "सामानाची यादी तुझीच हाय. एक नंबरलाच लिव्हलंय बघ, प्रतिमा अन् हार. आता ज्यूंचं कोण ते मला काय म्हाईत? नेटवर पाहिलं, हेच निघाले."

यादी माझीच होती. आजवरच्या सगळ्या कार्यक्रमांची एकच फाइल माझ्या मोबाइलमध्ये होती. दर वेळी नावं बदलायची आणि पाठवायची. सूत्रसंचालनाचा कागदही त्याच फाइलीतला. मी एकदाही वाचली नव्हती. पत्रकात लोकांना 'डोळे उघडा' म्हणून लिहिणारी मी.

तेव्हाही वेळ होती. फोटो उचलून कपाटात टाकता आला असता. पण अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन वर येत होते, लातूरचे दोघं पहिल्या रांगेत बसले होते. मी हिशेब केला. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, होऊन जाऊ दे, लातूरचा वर्ग पदरात पडू दे. सिस्टरसाठीच तर करतेय. असं मी स्वतःला सांगितलं आणि माइक हातात घेऊन वाचलं, "आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन."

अध्यक्षांनी हार सिस्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि माइक मागितला.

"मी हे करणार नाही. दुसऱ्या रविवारी काय शिकवलं होतं, कोण सांगेल?"

वह्या चाळल्याचा आवाज झाला. अंगणवाडीताई उभ्या राहिल्या आणि वहीतून खणखणीत वाचलं, "चित्र करून त्याची पूजा करायची नाही." अक्षर न् अक्षर बरोबर. दुसऱ्या हाताच्या मुठीत पाकळ्या होत्या.

"सिस्टर, फोटोच आहे हो," अध्यक्ष हसत म्हणाले. "चावत नाही. पाहुणे ताटकळलेत."

सिस्टर स्टेजवरून उतरल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. अध्यक्षांनी स्वतः हार घातला. मग वर्गातली माणसं, तीच, वह्या काखेत धरून रांगेनं आली आणि पाकळ्या वाहून गेली. अंगणवाडीताईंनी तर वाहून नमस्कारही केला. एकट्या चाचांनी पाकळ्या परत परातीत ठेवल्या. "आमचेबी पैगंबर हायत हे," एवढंच म्हणून ते जिना उतरले. सत्काराच्या वेळी शाल सिस्टरांच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर घातली, नारळ खुर्चीवर ठेवला आणि मोबाइलवर त्या खुर्चीचा फोटो काढून घेतला. माइक माझ्याच हातात होता. आभार मीच मानले.

दोन दिवसांनी लातूरहून फोन आला. "कार्यक्रम लई नेटका झाला, ताई. सिस्टर जरा तापट वाटल्या, पण चालतंय. इकडं करू आपण. तो फोटो तेवढा पाठवून द्या, आम्हाला नवीन बनवायला नको."

"फोटो नाही. स्टेज नाही. नुसता वर्ग," मी म्हटलं.

"मग लोकांना कळणार कसं कार्यक्रम झाला म्हणून? बरं, बघू पुढं."

परत फोन आला नाही.

सिस्टरांकडं गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "वाचताना तुझा आवाज खाली गेला होता. म्हणजे तुला कळत होतं."

"हो."

"मग बाहेर सचिवाला आणि अध्यक्षाला शिव्या घालत हिंडू नको. त्यांना कळत नव्हतं."

 

महिन्याभरात त्यांचं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी चौकटीवरची डबी काढायची होती. घर दुसऱ्यांकडं जाणार, ती तिथं ठेवून चालत नव्हतं. त्यांचा हात वर पोचेना, म्हणून मी स्टुलावर चढले. चाचांनी दुकानातून पेचकस आणून दिला. स्क्रू गंजलेले, सुटता सुटेनात. सिस्टर खाली पदर पसरून उभ्या होत्या, डबी जमिनीवर पडू नये म्हणून. ती हळूच त्यांच्या पदरात ठेवली. चौकटीवर दोन भोकं आणि एक तिरका, न रंगवलेला पट्टा राहिला.

समोरच्या गॅलरीतून अंगणवाडीताई ओरडल्या, "सिस्टर, बेल काढून राहिल्या का?"

सहाच्या सहा रविवार त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.