ढेपीचं पोतं आणि समोरची जागा

२०२४ साल. माझं वय त्र्याहत्तर. त्या साली मुलानं नवी गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी माझं तिच्याशी वाजलं.

शाळा मी चौथीत सोडली, पण वस्तूची पारख आहे. माठ घेताना वाजवून पाहतो तसं गाडीचं तोंड बोटानं वाजवून पाहिलं. आवाज सुपाचा आला.

"हा काय पत्रा हाय बे? बकरीनं धडक देल्ली त आत जाईन."

"आत जायसाठीच बनवला बाबा. ठोकर लागली का समोरचा भाग चेपते, आतले माणसं वाचतात. अन् सहा फुगे हायेत. डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगतात."

घ्या! जन्मभर मी न चेपणारी वस्तू शोधत आलो, आणि हा चेपणारी आणून पेढे वाटतो. मी म्हटलं, अमडापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून समोर लोखंडी गार्ड बसवू. तर गार्ड लावला की फुगे वेळेवर उघडत नाहीत म्हणे. गाडी आपली, आणि मर्जी फुग्यांची सांभाळायची.

पण खरं भांडण जागेचं होतं. आमच्या घरात वाहन कोणतंही असो, कर्ता माणूस समोर. बैलांची दमणी होती तेव्हा मी समोर. जीप आली तेव्हाही मीच. या गाडीत समोर बसलो की ती टूँ टूँ ओरडायची. मुलगा म्हणे, पट्टा लावा. मी म्हणे, बांधतात ते जनावराला.

एक दिवस म्हशीसाठी सरकी ढेपेचं पोतं आणलं आणि समोरच्या सीटवर ठेवलं. तर त्यालाही गाडी ओरडली. मुलानं पोत्याला पट्टा लावला, गाडी चूप. तेव्हाच मी ओळखलं, हिला माणूस आणि ढेप यातला फरक कळत नाही. जिला एवढं कळत नाही, तिला फसवायला किती वेळ?

पुढं लेकीच्या घरी नांदुऱ्याला बारसं निघालं. मी आधीच समोर जाऊन पट्टा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून खटक्यात अडकवला आणि त्याच्या पुढं ऐटीत बसलो. गाडी गप्प. मुलानं पाहिलं, पण बारशाच्या दिवशी बापाशी कोण भांडते?

आमचं गाव उंद्री सोडलं आणि थोड्या वेळात तुरीच्या शेतातून रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उडी मारून रस्त्यावर आला. मुलानं ब्रेक दाबला. चाकं फरफटली नाहीत, गाडी तिरपी झाली नाही. जागेवर थांबली. मी तेवढा थांबलो नाही. कपाळ समोर आपटलं आणि फेटा काचेवर.

मागं आमची म्हातारी पट्टा लावून सरळ बसलेली. म्हणाली, "रोही त गेला निंघून. तुमी कोनाले नमस्कार करून राह्यले?"

मी मुलावर घसरलो. "सहा फुगे हायेत न बे? एकही काऊन नाई फुगला?"

"ठोकर नाई लागली त कायले फुगन? अन् फुगला असता त पट्ट्याबिगर तोच तुमचं थोबाड फोडता."

म्हणजे वाचवणाराच मारणार. वा रे अक्कल!

नांदुऱ्यात विहीणबाईंनी टेंगूळ पाहून विचारलं. मी म्हटलं, गोठ्याची चौकट लागली. म्हातारी हळूच म्हणाली, "हाव, गोठा जोरात पयत होता."

सगळे हसले. तेही मी सोसलं. पण निघताना मुलानं समोरचं दार उघडलं आणि म्हणाला, "आई, तू बस समोर. बाबाले पट्टा चालत नाई." ती बसली, पट्टा ओढला, खट्ट. जशी जन्मापासून तीच बसत आली. मागं मी आणि लेकीनं दिलेलं गव्हाचं पोतं.

उंद्रीच्या स्टँडवर नेहमीची माणसं बसलेली. एकानं हात जोडून राम राम केला. मी उत्तराला हात उचलला, पण त्याची नजर समोरच्या सीटवर होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला डोळे दाखवायला चिखलीला जायचं होतं. मी उजाडताच खुंटीवरची चाबी काढली आणि अंगणातल्या गाडीत समोर जाऊन बसलो. पट्टा ओढला. झटका दिला की अडतो, सबुरीनं घेतला की येतो. स्वभाव ओळखीचा वाटला. खटक्यात बसवला, फेटा सारखा केला.

म्हातारी चहा घेऊन बाहेर आली. "चिखलीले त मले जा लागते. तुमी सकायीच कुठं निंघाले?"

"कुठीच नाई," मी म्हटलं. "चहा अठीच दे."