गाळात रुतलेली सई आणि तिच्या आईला केलेला फोन

मागच्या रविवारची गोष्ट. लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं... आज लिहूनच टाकते.

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या नऊ मुलांचा एक गट आहे, सगळी सहावी-सातवीतली. महिन्यातून एका रविवारी मी त्यांना एसटीने पैठणला नेते, जायकवाडीच्या काठावर. तिथे पडलेली मासेमारीची तुटकी जाळी गोळा करायची, म्हणजे बदकांचे पाय त्यात अडकत नाहीत. मुलांना हे काम मनापासून आवडतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचे फोटो टाकायला आवडतं.

वाट मी पंधरा दिवसांपूर्वी स्वतः चालून बघितली होती. पण तेवढ्या दिवसांत पाणी बरंच मागे हटलं होतं, आणि जाळ्यांच्या नादात आम्ही पाण्यामागे पुढे पुढे गेलो... माझ्या लक्षातच आलं नाही. चूक माझीच.

एका जाळ्यात हळदी-कुंकू बदक, चोचीवर पिवळा-लाल रंग असतो ते, अडकून फडफडत होतं. सई, आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी, मी हाक मारेपर्यंत पळालीसुद्धा. गाळ वरून पापडासारखा वाळलेला... चार पावलं गेली आणि गुडघ्यापर्यंत आत.

मी ओरडले, "पाय उपस, जोर लाव!" तिने जोर लावला तशी ती मांडीपर्यंत गेली. तिच्या आईने सही करून दिलेला परवानगीचा कागद माझ्या पर्समध्ये होता, आणि मला फक्त ती सही दिसत होती.

मी तिच्याकडे धावणार, तेवढ्यात काठावर मेंढ्या चारणारे एक मामा खेकसले, "ओ बाई, तिथंच थांबा! दोघी बी फसताल." मग सईला म्हणाले, "पोरी, पाय वढू नको. मागं बस, पाठीवर पड. मेंढरं बी आम्ही अशीच काढतो."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी गाळावर पसरली आणि पोटावर सरपटत तिच्यापर्यंत गेले. सई रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती... एक पाय हलवत हलवत निघाला, मग दुसरा. बूट आतच राहिले. किती वेळ लागला, मला खरंच सांगता येणार नाही.

बदकही मामांनीच जाळ्यासकट ओढून आणलं. मुलांनी कात्रीने दोरे कापले आणि ते उडालं म्हणे. मी बघितलं नाही, मी सईचे पाय चाचपत बसले होते.

हातपंपावर तिचे कपडे धुताना मुलांची कुजबुज चालली होती. मग एकजण पुढे आला. "मॅडम, आम्ही घरी कुणीच सांगणार नाय. नायतर हे सगळं बंद होईल." सईने लगेच मान डोलावली.

इतका वेळ घाबरले होते, पण अंगावर काटा आला तो तेव्हा... कारण क्षणभर मला बरं वाटलं होतं.

तिथूनच सईच्या आईला फोन लावला. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "बोलतीय ना ती? द्या तिच्याकडं."

त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. आठवडाभर फोन वाजला की आधी त्यांचंच नाव आहे का बघायचे. इतर पालकांना मीच कळवलं, आणि हा गट आता संपला असं धरून चालले.

आज सकाळी दारात सईची आई. एकटीच. म्हणाल्या, "कुठं फसली होती ते आधी मला दाखवा. पाठवायचं का नाय, ते मग बघू."

आम्ही दोघीच एसटीने गेलो. काठावर उभं राहून मी लांबूनच जागा दाखवली... खड्डा अजून तसाच होता. त्यांनी बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात गार पडला होता.

परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, "पुढच्या टायमाला मी बी येते. पोरं तुम्ही सांभाळा, गाळाकडं मी बघते."

भीती गेलेली नाही, आणि जाऊही नये... फक्त आता ती मला एकटीला वागवायची नाही. सईच्या आई, ताई, हे तुम्हाला समोर बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.