महालक्ष्म्यांच्या बाळांची झबली

पूर्णेचा पूल मागं पडला आणि रेणुका एकदम रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसली. पदराचा बोळा करून पोटावर दाबला.

"काय झालं गं?"

"आली, ताई."

एवढंच बोलली. वरवट बकालहून उजाडताच आम्ही दोघी पायी शेगावला निघालो होतो. तिच्या पाळीची तारीख उलटून गेली होती आणि हे तिनं घरात कोणालाच नाही, फक्त मला सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, असं असेल तर बसनं जाऊ. तर म्हणाली, "महाराजाले पायी येतो म्हनलं हाय. आता बसनं गेली तं थे काय म्हनतीन?" पुलापर्यंत मला चिडवत चालली. "ताई, तुमचे गुडघे लय कुरकुर करून राह्यले. भजन म्हना, म्हंजे आयकू येनार नाही."

रेणुका माझी शेजारीण, भिंतीला भिंत. लग्न होऊन आली तेव्हापासून दर महिन्याला तिचं कण्हणं मला भिंतीतून ऐकू यायचं. ओकाऱ्या व्हायच्या, गडाबडा लोळायची. सासू केसरबाई म्हणायची, "पाळी काय तुलेच येते? आमी तं त्यातच वावरात जात होतो."

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की मात्र ती वेगळीच. सणात विटाळ नको म्हणून घरोघरच्या बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात, तशी तीही घ्यायची. त्या दिवसांत तिचं पोट गप्प असायचं. पुरण वाटायची, सोळा भाज्या चिरायची. आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं त्यांची दोन बाळं बसवतात. त्यांची झबली ती स्वतः शिवायची, काठाला टिकल्या लावून. केसरबाई सगळ्यांना सांगायची, "लक्ष्म्या घरात आल्या की सुनेचं दुखनं पयते." आणि तसंच दिसायचंही.

मग इकडच्याच एका डॉक्टरनं पिशवी काढून टाका म्हटलं. केसरबाई तयार, रेणुकाचा नवरा राजकुमारही तयार. रेणुका अडून बसली. मूल नव्हतं, पिशवी कशी देईल? शेवटी राजकुमारच मला म्हणाला, "ताई, तुमी जा तिच्यासंगं अकोल्याले. मले त्यातलं काय समजते?"

अकोल्याच्या डॉक्टरबाईंनी तिचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. पिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर. महिन्याच्या महिन्याला सुजतं आणि आतलं सगळं एकमेकाला चिकटवतं.

"कधी बरं वाटतं का?" त्यांनी विचारलं.

"महालक्ष्म्यांत."

"तेव्हा काही गोळी घेतेस?"

रेणुकानं नाव सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, या आजारालाही आम्ही त्याच जातीचं औषध देतो. फक्त तपासून, आणि महिनोन्महिने.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर रेणुका म्हणाली, "म्हंजे देवी नव्हती, ताई. गोयी होती."

"देवीनंच दिली असंन."

"मंग पाचच दिवसाची काऊन देल्ली?"

 

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पिशवी राहिली, एक अंडाशय गेलं, दुसरंही फार कामाचं उरलं नाही. गोळ्यांनी दुखणं थांबलं, पण त्या चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत. म्हणून तिनं त्या बंद केल्या. दुखणं परत आलं, तेही तिनं अंगावर काढलं. टेस्ट ट्यूबचं विचारलं, तर डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. अंडाशयावर पुन्हा गाठ धरली तेव्हा डॉक्टरबाईंचं आणि तिचं ठरलं: आता पाळी आली की गोळ्या सुरू करायच्या आणि मुलाचा विषय सोडायचा.

ती पाळी लिंबाखाली आली.

मी पाण्याची बाटली पुढं केली. तिनं कमरेच्या बटव्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं. म्हणजे ते ती सोबत घेऊनच निघाली होती. एक गोळी तळहातावर घेतली, प्रसादासारखी कपाळाला लावली आणि गिळली. मग रडली. तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

"ऑटो थांबवते. घरी जाऊ."

"नाही. तुमी अंदर जा, मी बाहीरून कयसाले हात जोडतो. महाराजाले तोंड तं दाखवा लागन."

पुन्हा चालू लागलो. मी तिचा हात धरला होता, तो गार पडला होता.  लांबून कळस दिसायला लागला तशी ती थांबली.

"ताई, एक मागू?"

"माग."

"औंदा लक्ष्म्यायच्या लेकराईचे झबले तुमी शिवा. माप मी देतो. शिवाले माह्या हातानं नाही होनार आता. टिकल्या लावजा बरं. अन् सासूले सांगू नका."