व्हर्जिलने आईकडे मागितलेला पुरावा

आमच्या केंटकीतल्या गावात घरोघरी पार्सलं पोहोचवणारा व्हर्जिल टॅकेट म्हणजे चाकांवर फिरणारा कायदा. खोक्यात वाईन असली, की घेणारा एकवीस वर्षांचा झालाय का हे ओळखपत्र पाहूनच ठरवायचं, असा राज्याचा नियम. टक्कल पडलेल्या माणसालाही व्हर्जिल तो लावायचा. वर खोक्यावर ‘आत दारू आहे’ असं ठळक छापलेलं. दारू पाप मानणाऱ्या आमच्या बाप्टिस्ट गल्लीत ती कुणी पीत नाही, नुसती मागवतात.

मी चर्चचा डीकन, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांपैकी एक. त्या दिवशी तो खोकं घेऊन माझ्या शेजारच्या घरी, स्वतःच्या आईच्याच दारात उभा राहिला; मी माझ्या अंगणातून बघत होतो.

“ओळखपत्र, आई.”

“मेल्या, तूच पन्नाशीला आलास. मग मी केवढी असेन?”

“पाहिल्याशिवाय कसं सांगू?”

त्याच्या आईने, जिला गावात सगळे मानाने ‘मिस ऑर्लीना’ म्हणतात, गाडी चालवणं सोडलं, तेव्हाच तिच्या लायसन्सची मुदत संपली होती. दोनदा त्याने खोकं परत नेलं होतं. ही शेवटची खेप. आता दिलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडे जाणार. आणि मागवणारा हार्लन, तिचा नवरा, वसंतातच गेला. लग्नाच्या वाढदिवसासाठी तो दरवर्षी ही बाटली मागवायचा. यंदाचीही सांगून ठेवून गेला होता.

“तुझ्या बापाची शेवटची बाटली आहे रे,” ती म्हणाली.

व्हर्जिलचे डोळे भरले, पण खोकं काही त्याने खाली ठेवलं नाही. मला असा राग आला त्याचा!

“घरात दुसरं कुणी मोठं माणूस असलं, तरी चालतं,” तो माझ्याकडे न बघता जरा मोठ्यानेच म्हणाला.

जन्मभर मी दारूविरुद्ध बोललो. समोरच्या घरांचे पडदे हलत होते. तरी कुंपण ओलांडून तिच्या घरात शिरलो, ओळखपत्र दाखवलं आणि सही ठोकली.

“फोटोत केस जास्त दिसतायत, डीकन,” व्हर्जिल म्हणाला, आणि खोकं दिलं.

संध्याकाळी तो गणवेश उतरवून, भांग पाडून आला. मी सरबत घेऊन बसलो होतो. टेबलावर हार्लनचाही पेला मांडला होता. व्हर्जिलने आपला पेला पुढे केला.

“आधी ओळखपत्र,” मिस ऑर्लीना म्हणाली.

त्याने खिसे चाचपले. पाकीट गणवेशात राहिलं होतं. मला वाटलं, आता हसेल. पण पठ्ठ्या उठला आणि खरंच आणायला निघाला.

“बघितलंस? तुझंच पोर,” ती हार्लनच्या पेल्याकडे बघून म्हणाली, आणि तो परत येईपर्यंत तिने बाटली उघडली नाही.