जावयाचं ताट

मी पोटात असताना माझी माय डोक्यावर मासोळीची पाटी घेऊन गावोगाव फिरायची. मी झाल्यावर मला आजीजवळ टाकून तिनं लवकरच पुन्हा पाटी उचलली. तळ्यातली मासोळी विकली तरच चूल पेटणार. बाई, तुले कसं वाटते, असं तिला कोणी विचारलं नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. पुढं मी घरातला पहिला पदवीधर झालो, बल्लारपूरला नोकरीला लागलो, लग्न झालं.

पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी गेली, मूल तालुक्यातल्या एका खेड्यात. मुलगी झाली. सुट्टी आली की मी गाडी काढायचो. पोचलो की सासरे खाट टाकत, सासूबाई चुलीपुढं बसत. कोंबडा, वडे, भात. बाळंतिणीच्या खोलीत जावयानं जायचं नाही. मुलगी दारातूनच दाखवत. बायको भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची.

एकदा मी जेवत होतो आणि आत मुलगी रडत होती. रडतच होती. सासूबाई मला वाढण्यात गुंतलेल्या. डोकं फिरलं माझं. बाळंत ती झाली आणि सरबराई माझी! ताट सरकवलं आणि सरळ आत गेलो.

मुलगी हाताच्या अंतरावर होती, आणि बायको नुसती आढ्याकडं बघत होती. म्हणाली, "मले हिले घ्याव वाटत नाई. मी वाईट आहो का?"

"नाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणानंतर असं होतं, हा आजार आहे, औषधानं आणि आधारानं बरा होतो. एकटी ठेवू नका. मी रजा टाकली आणि सासुरवाडीतच मुक्काम ठोकला.

सासरे हात जोडून म्हणाले, "जवाईबापू, तुमी लंगोट धुता, गाव आमाले हासून राह्यलं."

"हासू द्या, मामाजी. लंगोट तुमच्या नातीचे हायेत, गावाचे नाई."

तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया तर टपलेल्याच. "काऊन जवाई, बाळंतीण कोण? ते का तुमी?"

"दोघंबी. डिंकाचे लाडू असन तर आणा."

सासूबाईंचा राग मात्र खरा होता. जावयाला नुसतं वरण-भात वाढणं त्यांना पाप वाटे. मी म्हटलं, "मामी, चुलीजवळ मी बसतो. तुमी तिच्याजवळ बसा. मले कोंबडा नाई पायजे, तिले माय पायजे."

त्या चुलीपासून उठल्या. पदराला हात पुसले, आत गेल्या आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. त्या दिवशीचा भात मी शिजवला. खाली लागला. सगळ्यांनी खाल्ला.

बरं व्हायला वेळ लागला. गोळ्या चालू राहिल्या, मधूनमधून रडणंही. लोक अजून मला बायकोचा गुलाम म्हणतात. म्हणोत. ज्याला लाज वाटते त्यानं खाटेवर बसून जेवावं.

बायको बरी झाली. मुलीला स्वतः पोटाशी धरून ती माझ्या गाडीवर बसली, आणि आम्ही तिघं घरी आलो.